पोट भरल्यावरही मांडा का जातो?

एकांनी लिहिलंय की पोट भरल्यावरही गोड खाणारा माणूस म्हणजे जिभेचा गुलाम. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या जळगावकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बघा. रशी (झणझणीत आमटी) आणि भात चापून झालेला असतो, 'आता पुरे' म्हणत माणूस ताटावर हात आडवा धरतो. तेवढ्यात खापरावरून उतरलेला मांडा, म्हणजे मोठी पुरणपोळी, आमरसाच्या वाटीशेजारी येतो आणि तोच हात बाजूला होतो.

जर्मनीतल्या कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये उंदरांवर नेमकं हेच तपासलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या ज्या पेशी 'पोट भरलं' असा निरोप देतात, त्याच पेशी बीटा-एन्डॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं अफूसारखं रसायन, थॅलॅमस या मेंदूच्या दुसऱ्या भागात सोडतात आणि साखरेची ओढ वाढते. तृप्तीचा निरोप आणि गोडाची मागणी एकाच पेशीतून! हा मार्ग रोखल्यावर पोट भरलेल्या उंदरांनी जास्तीची साखर खाल्ली नाही. उपाशी उंदरांवर मात्र काही फरक पडला नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही ओढ भुकेची नव्हेच. मग साखरेचा त्रास असलेल्या घरच्या म्हाताऱ्यांना पंगतीत सगळ्यांदेखत टोमणे का मारायचे? मांडा त्यांच्यासमोर आणूच नये, ते जास्त बरं.

ही ओढ कमी करणारं औषध आहे का, असं कुणीतरी विचारलं होतं. ओपिऑइड रिसेप्टर (अफूसारखी रसायनं पेशीवर जिथे चिकटतात ती जागा) अडवणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध ब्युप्रोपिऑन या दुसऱ्या औषधाबरोबर वजन घटवण्यासाठी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं. मळमळ बरीच होते. ट्रामाडॉलसारखी ओपिऑइड वेदनाशामकं चालू असतील तर ते चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.