ट्यूबाचा माउथपीस: नावापेक्षा शँक बघा

शहापूरच्या एका दादांनी विचारलंय, ट्यूबासाठी (पितळेचं मोठं फुंकवाद्य) बाख कंपनीचा १८ नंबरचा माउथपीस परवडत नाही, तर छोट्या कारागिराचा घ्यावा का. घ्या की! फक्त आधी शँक, म्हणजे माउथपीसची वाद्यात बसणारी दांडी, कुठली ते विचारा. अमेरिकन आणि युरोपियन शँकच्या जाडीत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक, पण चुकीचा आला की एक तर खूप आत जातो नाहीतर बाहेरच अडकतो, आणि सूर बिघडतात. साधारण अडीच सेंटिमीटर आत जाऊन घट्ट बसला पाहिजे.

कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मिलिमीटरमध्येच बोला: कपाचा, म्हणजे ओठांकडच्या पोकळीचा, आतला व्यास (३२-३३ च्या आसपास), कपाच्या तळाचं भोक केवढं, कप वाटीसारखा की नरसाळ्यासारखा. नरसाळ्याचा आवाज गोल, भरीव. वरातीत ताशापुढे मात्र मी वाटीचाच घेईन.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर पितळेची कॉपी काढून घ्या, असा सल्ला त्यांना मिळालाय, तो मला पटत नाही. बाहेरून हुबेहूब होईल हो, पण आतला उतार आणि काठाची गोलाई कोण मोजणार? चांदीचा मुलामा आहे ना, तेही विचारा. कच्चं पितळ काहींच्या ओठांना बाधतं. आणि नाही जमला तर परत घेणार असेल तरच पैसे पाठवा.