फोटोग्राफीत जोर कुठे? आणि सिलॅबलला मराठीत काय म्हणायचं?

भाचीचा मामा: नववीतल्या भाचीला इंग्रजी शब्दाचे सिलॅबल, म्हणजे उच्चारातले तुकडे, पाडून जोराची खूण करायला सांगितली होती. तिने लिहिलं: फो-टो-ग्रा-फी, जोर 'फो'वर. बाईंनी लाल रेघ मारली. चार तुकडे बरोबर दिसतात, मग चुकलं काय? आणि सिलॅबल म्हणजे अक्षरच ना?

खडूफळा: तुकडे चारच, जोर चुकला. तो दुसऱ्या तुकड्यावर येतो: फ-'टॉ'-ग्र-फी. 'फोटोग्राफ'मध्ये मात्र 'फो'वर, आणि 'फोटोग्राफिक'मध्ये सरकत 'ग्रॅ'वर. शेपूट बदललं की जोर जागा सोडतो. शेवटी 'इक', 'शन' किंवा 'इटी' असेल तर बहुधा त्याच्या लगेच आधी: इकॉ'नॉ'मिक, एज्यु'के'शन, पॉसि'बि'लिटी. 'पॉलिटिक्स' नियम मोडतं, तिथे जोर पहिल्यावरच.

जोर गेला की तिथला स्वरही मरगळतो, म्हणून 'फो'चा 'फ' झाला. आपण प्रत्येक स्वराला सारखा मान देतो, तिथेच आपलं इंग्रजी मराठी वाटतं. मला त्यात लाज वाटत नाही, पण परीक्षेत मार्क जातात.

वेलांटी: 'अक्षर' म्हणा, पण जपून. 'कमल' लिहायला तीन अक्षरं, वृत्तात नगण, म्हणजे तीन लघु. बोलताना मात्र क-मल, दोनच. उलट इंग्रजी 'स्ट्राँग'मध्ये व्यंजनांची एवढी गर्दी, तरी उच्चार एका दमात, सिलॅबल एकच. मोजायचे ते कानाला येणारे स्वर. म्हणून मी 'उच्चारातलं अक्षर' म्हणते. लांबलचक आहे, पण घोटाळा होत नाही.

स्ट्रेसला, म्हणजे या जोराला, 'आघात' चांगला शब्द आहे. 'कमल'मध्ये कुठेही आघात द्या, फूल तेच. ठासून सांगायचं तर आपल्याकडे 'च' आहे. इंग्रजीत 'प्रेझेंट'च्या पहिल्या तुकड्यावर आघात दिला तर भेटवस्तू, दुसऱ्यावर दिला तर सादर करणं.

भाचीचा मामा: तिला वाचून दाखवलं. लगेच 'कम्फर्टेबल' फोडलं: कम्-फर्-टे-बल, जोर 'कम्'वर. आता तरी?

खडूफळा: जोर बरोबर! पण त्यात टेबल कुठून आलं? रोजच्या बोलण्यात 'कम्फ्-ट-बल', तीनच. 'व्हेजिटेबल'मध्येही टेबल नाही, हेही सांगून ठेवा.