चर्चा: पाटीवरचा ‘ए’ एवढा मनावर घ्यावा का?

नौपाडाकर
गोखले रोडच्या एका गल्लीत, मुलाच्या शाळेच्या वाटेवर, वह्या-पेनांचं दुकान आहे. पाटीच्या इंग्रजी ओळीत ‘झेरॉक्स अँड स्टेशनरी’ लिहिलंय, पण स्टेशनरीत शेवटून तिसरं अक्षर ‘ई’ हवं तिथे ‘ए’ रंगवलाय. ‘ई’ असला तर कागद, पाकिटं, खोडरबर. ‘ए’ असला तर जागचं न हलणारं. म्हणजे दुकान झालं ‘झेरॉक्स आणि ठप्प’. (मशीन बरेचदा तसंच असतं, पण तो विषय वेगळा.)

चिरंजीवांनी चाचणीत ‘ए’ लिहिला, अर्धा मार्क गेला. बाईंना म्हणाला, “दुकानावर तसंच आहे.” मी दुकानात जाऊन सांगितलं, तर काका म्हणाले, “साहेब, इतक्या वर्षांत विचारणारे तुम्ही पहिलेच.” माझं म्हणणं एवढंच, की लिहिण्याचं सामान विकणाऱ्याने निदान तो शब्द तरी नीट लिहावा. शाळेच्या वाटेवरची पाटी पोरं फळ्यासारखीच वाचतात.

घोडबंदरी
अर्ध्या मार्कासाठी धागा! ‘ए’वालं स्टेशनरी म्हणजे काय ते आम्हाला रोज सकाळी घोडबंदर रोडवर गाडीत बसून कळतं. पाटी वाचून वही मिळते ना? मग झालं.

जुना_टंकलेखक
चाळीस वर्षं टाइपरायटर बडवला, त्यामुळे चुकीची पाटी मलाही टोचते. तरी काकांची बाजू घेतो. हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्टॅशनारियस’ म्हणजे एका जागी ठिय्या मांडून बसलेला विक्रेता. तेव्हा बरेच विक्रेते गावोगाव हिंडायचे. विद्यापीठाच्या गावात पुस्तकं विकणाऱ्याचं मात्र पक्कं दुकान असे. तो इंग्रजीतला ‘स्टेशनर’. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ पासून आहे, १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. पुढे पुस्तकविक्रेते वेगळे झाले, स्टेशनरकडे कागद-शाई उरली. थोडक्यात, दुकान हलत नव्हतं म्हणूनच मालाला हे नाव पडलं. काकांचा ‘ए’ मुळाशी इमान राखून आहे!

आणि गंमत पाहा, ‘स्टेशन’ही त्याच मुळाचं. शिलाहारांच्या काळातलं ‘श्रीस्थानक’ ते आपलं ठाणे. संस्कृत ‘स्था’ आणि लॅटिन ‘स्टारे’ हे धातू एकाच घरातले. ‘ठाणे स्टेशन’ म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो.

वाशीची_सून
आजोबा, माहिती झकास, पण मुळं दाखवून चूक माफ होत नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेत लाट जागच्या जागी उभी राहिल्यासारखी दिसते, तिला स्टेशनरी वेव्ह म्हणतात, ‘ए’ लावून. दरवर्षी जर्नलांत निम्म्या पोरांनी ‘ई’ लावलेला असतो. वह्या-पेनांची लाट! ती जूनमध्ये दुकानात येते, प्रयोगशाळेत नाही.

फ्लेक्सवाला_कळवा
मंडळी, पाट्या आम्ही करतो, तेव्हा शिव्या आम्हालाच. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतं, आम्ही उचलून टाकतो. कंप्युटर लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. एकदा मी स्वतःहून ‘ई’ केला, तर मालक भडकला, “आमच्या बिलबुकात ‘ए’ आहे!” पाटी परत करून दिली, पदरचे पैसे घालून. तेव्हापासून दुरुस्ती बंद.

नौपाडाकर
@फ्लेक्सवाला, तुमची अडचण पटली. लाल रेघेचं डोक्यातच आलं नव्हतं.
@टंकलेखक, पूर्वी एकत्र कुटुंब होतं म्हणून आज वेगळं रेशनकार्ड नाकारता येतं का? १ मेच्या फ्लेक्सवर कुणी ‘महाराष्ट्र दीन’ छापलं तर तुम्हीच पहिले ओरडाल.

जुना_टंकलेखक
ओरडेन. ती आपली भाषा आहे. परक्याच्या ‘ए’-‘ई’साठी घसा का कोरडा करू? बाकी लक्षात ठेवायला सोपं: विकणारा ‘स्टेशनर’, त्याच्या शेवटी ‘ईआर’, म्हणून मालातही ‘ई’. चिरंजीवांना सांगा.

घोडबंदरी
मुळात हा प्रश्न सुटलाय. पाट्या मराठीत लावायला सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली होती. देवनागरीत लिहा ‘स्टेशनरी’, ना ‘ए’ ना ‘ई’. लेखनसामग्री म्हटलं तर उत्तमच, पण मग गिऱ्हाईक सरकारी कचेरी समजून परत फिरेल.

नौपाडाकर
देवनागरी त्यांनीही लावलीय हो. वर ठळक ‘स्टेशनरी व कटलरी’, खाली इंग्रजी तसंच, ‘ए’सकट.

वाशीची_सून
कटलरी म्हणजे टिकल्या-बांगड्या-पिनाच ना? इंग्रजीत ते सुऱ्या-काटे-चमचे. चिरंजीवांच्या बाईंना आत्ताच सांगू नका.