तीन महिने मुलीकडे जर्मनीला चाललेय, बडोद्याचा नंबर चालू कसा ठेवू?

रावपुऱ्याची_मावशी

नमस्कार मंडळी,

मी रावपुऱ्यात राहते, वय ६८. मुलगी, जावई आणि नातू श्टुटगार्टला असतात. ९ जूनला अहमदाबादहून निघते, दोह्याला विमान बदलून फ्रँकफुर्ट. व्हिसा ९० दिवसांचा, परतीचं तिकीट ८६ दिवसांनी. आधी दोनदा गेले तेव्हा हे बरोबर होते आणि फोनचं सगळं तेच बघायचे. आता पहिल्यांदाच एकटी जातेय.

माझा नंबर एकच आणि तो प्रीपेड. बँक, फॅमिली पेन्शन, आधार, गॅस, सगळं त्यालाच जोडलेलं. मी नसताना वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सिलिंडर उतरवून घेतील, पण त्याचा कोड माझ्याच फोनवर येतो. ऑगस्टात एक मुदतठेव पिकते, तिचे पैसे मोबाइलवरून फिरवायचे आहेत. म्हणजे ओटीपी आलाच पाहिजे.

मुलगी म्हणते, "आई, इथे आलीस की तुझं सिम काढून डबीत ठेवू आणि इथलं घालू." मरीमाताच्या खांच्यात ज्याच्याकडून फोन घेतला तो म्हणतो, "बेन, रोमिंग नखावी दो, बधूं चालशे." रोमिंगचे पॅक बघितले. ते थोड्या थोड्या दिवसांचे असतात, एकामागे एक मारत ८६ दिवस काढायचे म्हणजे पेन्शनला मोठीच कात्री.

पण माझा जीव अडकलाय तो अक्कात. माझी मोठी बहीण, ८१ वर्षांची, प्रतापनगरला एकटी राहते. दिवसा एक बाई असते, ती सातला घरी जाते. अक्काकडे लँडलाइन आहे, मोबाइल तिने कधी घेतला नाही. रोज रात्री नऊच्या सुमाराला ती मला फोन करते. तिला तोंडपाठ असा माझा एकच नंबर. मी तिकडे असताना तिने तो फिरवला आणि पलीकडून "संपर्क होऊ शकत नाही" ऐकलं तर ती रात्रभर जागी राहील. त्यात हे पावसाळ्याचे दिवस. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हाचे ते दिवस आम्ही दोघीही विसरलेलो नाही. तिने फोन केला एवढं मला कळायला हवं. मॅप, फोटो नसले तरी माझं चालेल.

फोन साधा अँड्रॉइड आहे, दोन सिमची जागा आहे. नीट समजावून सांगाल का?

अलकापुरीकर

मावशी, सिम डबीत मुळीच ठेवू नका. दोन जागा आहेत ना, मग एकीत बडोद्याचं आणि दुसरीत तिकडचं.

ई-सिमचाही, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच भरायच्या सिमचाही, रस्ता आहे. फोनवर *#०६# फिरवा. जे आकडे दिसतील त्यात ईआयडी असं लिहिलेला लांबलचक क्रमांक असेल तर तुमचा फोन ई-सिम घेतो. मुलीने तिकडून विकत घेऊन क्यूआर कोड मेल केला की तो कागदावर छापून आणा, म्हणजे फोनने स्कॅन करता येईल. घरच्या वायफायवर इथेच भरून ठेवा आणि फ्रँकफुर्टला उतरल्यावर चालू करा. प्रवासी ई-सिमना बहुतेक वेळा फक्त डेटा असतो, फोन नंबर नसतो. मुलीला घेताना बघायला सांगा.

वाडीचा_काका

ताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. गेल्या वर्षी मी मुलाकडे कोन्स्टान्झला ८८ दिवस राहून आलो. तुम्हाला अक्कांची काळजी आहे, मला आईची होती. ती ९१ वर्षांची, इथे वाडीत भावाकडे असते.

मी दोन्ही सिमं फोनमध्ये ठेवली, रोमिंग चालू करून घेतलं, सगळं केलं. चुकलो ते एका आकड्यात. निघायच्या १२ दिवस आधी ८४ दिवसांचा रिचार्ज मारला आणि तीन महिन्यांचं काम झालं असं धरून चाललो. तिकडे ७२ व्या दिवशी मुदत संपली. तोवर मी त्या सिमवरून कोणालाच फोन करत नव्हतो, त्यामुळे जाणारे कॉल बंद झालेत हे समजलंच नाही. मग काही दिवसांनी येणारंही बंद झालं, तेही समजलं नाही. पडद्यावर नेटवर्कच्या काड्या दिसत होत्या का नव्हत्या, कोण बघतो?

आणि नेमकं त्याच आठवड्यात आईला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. भावाचा व्हॉट्सॲपवर फोन आला, अनामत भरायची आहे, पैसे पाठव. मी बँक उघडली, ओटीपी मागितला, येईना. पुन्हा मागितला. चौथ्यांदा मागितल्यावर बँकेने माझं खातंच दुसऱ्या दिवसापर्यंत अडवून ठेवलं. भावाने शेजाऱ्यांकडून पैसे उचलून भरले. आई बरी होऊन घरी आली, पण त्या रात्री खुर्चीत फोन धरून बसलो होतो ते मला अजून आठवतं. सकाळी भाच्याला विचारल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "मामा, रिचार्ज आहे ना?" त्याने बडोद्यातून त्याच्या फोनवरून माझ्या नंबरला रिचार्ज मारला आणि दहा मिनिटांत साठलेले मेसेज धडाधड यायला लागले.

तेव्हा ताई, सगळ्यात आधी मुदत बघा. रोमिंगचा पॅक वेगळा आणि मूळ रिचार्जची मुदत वेगळी. मूळ मुदत मेली की रोमिंगही मेलं. तुम्हाला तिकडे या सिमवर डेटा नकोच आहे, मग डेटासकट महागाचा रिचार्ज कशाला? ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२४ च्या डिसेंबरात सगळ्या कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, ते २०२५ च्या जानेवारीपासून मिळतात. त्यात ३६५ दिवसांपर्यंतचा असतो. वर्षाचा मारा आणि विसरून जा. कंपनीच्या ॲपमध्ये तो खाली कुठेतरी दडलेला असतो, नाही सापडला तर दुकानात जाऊन नाव घेऊन मागा.

सिम डबीत ठेवण्याचा आणखी एक धोका. ९० दिवस नंबरवर कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही तर कंपनी तो बंद करू शकते. तुमचे ८६ दिवस म्हणजे अगदी काठावर. एवढ्या वर्षांचा नंबर असा घालवू नका.

आता दोन सिमं कशी ठेवायची. सेटिंगमध्ये दोघांना नावं द्या, मी "बडोदा" आणि "जर्मनी" दिली होती. डेटा फक्त जर्मनीवर. बडोद्याच्या सिमचं डेटा रोमिंग बंद, पण सिम चालू. फोन लावताना कोणतं सिम वापरायचं हे "दर वेळी विचारा" वर ठेवा, नाहीतर मुलीला दोन गल्ल्यांवर फोन लावाल आणि तो रोमिंगमध्ये जाईल. रोमिंगमध्ये मेसेज येण्याला सहसा पैसे पडत नाहीत, पण फोन उचलला की आलेल्या कॉलचेही पडतात, आणि पॅक नसेल तर बरेच पडतात. नुसते मेसेज यायला तुमच्या कंपनीला पॅक लागतो की रोमिंग चालू असलं की पुरे, हे दुकानात विचारून घ्या. कंपनीगणिक वेगळं आहे.

व्हॉट्सॲप नवीन सिम बघून "नंबर बदलायचा का" विचारेल. नाही म्हणा. ते बडोद्याच्या नंबरवरच राहतं आणि जर्मनीच्या डेटावर चालतं.

अक्कांसाठी मी आईबरोबर केलं तेच सांगतो. जुन्या दिवसांसारखी घंटीची भाषा ठरवा. दोन वेळा वाजवून ठेवलं तर सगळं ठीक, वाजतच राहिलं तर "मला फोन कर". तुम्ही उचलायचं नाही. न उचललेल्या कॉलचे पैसे पडत नाहीत, फक्त कॉल फॉरवर्ड, म्हणजे न उचललेला कॉल दुसरीकडे वळवणं, बंद असलं पाहिजे. निघण्याआधी ##००२# फिरवा, सगळी फॉरवर्डं रद्द होतात. अक्कांना नंबर तोच, त्यांचा खर्चही इथल्यासारखाच. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे त्यांची रात्रीची नऊची घंटी तुमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला वाजेल. फोन तेवढा वेळ हाताशी ठेवा आणि आवाज मोठा.

तुम्ही उलट फोन लावाल तो त्यांच्या लँडलाइनवर. फोनमध्ये ०२६५ ने साठवलेला नंबर तिकडून लागणार नाही. पुढचं शून्य काढून +९१ २६५ आणि मग नंबर, असा आत्ताच बदलून ठेवा. अधिकची खूण शून्यावर बोट दाबून धरलं की येते. लँडलाइनला फोन लावण्यासाठी पूर्वी आम्ही स्काइप वापरत होतो, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. आता मुलीला तिकडच्या सिमवर भारताला बोलण्याचा पॅक बघायला सांगा. रोजच्या गप्पांसाठी मात्र दिवसा येणाऱ्या बाईंचा स्मार्टफोन असेल तर त्यांच्याच व्हॉट्सॲपवर अक्कांना बघत जा. दुपारी तुमचे अडीच वाजले की इकडे सहा वाजलेले असतात, बाई अजून अक्कांकडेच असतील.

एक शेवटचं, ते स्वित्झर्लंडचं. मुलगी कुठेतरी डोंगर दाखवायला नेईलच. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्या दरात चालतं, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. कोन्स्टान्झ अगदी सीमेवर, तळ्याकाठी फिरायला गेलो तरी फोन पलीकडचं नेटवर्क पकडायचा. ऱ्हाइनचा धबधबा बघायला शाफहाउझेनला गेलो, मॅप चालू होता, आणि सिमवरची सगळी शिल्लक दुपारपर्यंत संपली. काही जर्मन पॅकमध्ये स्वित्झर्लंड धरलेलं असतं, काहींत नसतं. सिम घेतानाच विचारा, आणि नसेल तर सीमा ओलांडण्याआधी त्याचंही डेटा रोमिंग बंद करा. मॅप आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवला की नेट नसताना रस्ता दिसतो.

फतेगंज_काउंटर

मावशी, मी बँकेत काउंटरवर बसते. वाडीच्या काकांसारखी माणसं दर उन्हाळ्यात आमच्याकडे फोन करतात, तेही तिकडून, मध्यरात्री उठून. म्हणून चार गोष्टी सांगते.

निघायच्या आदल्या आठवड्यात सिम बदलू नका. फोर-जीचं फाइव्ह-जी करू, ई-सिम करून घेऊ, असं काही नको. सिम बदललं की २४ तास त्यावर मेसेज येत-जात नाहीत, हा फसवणूक टाळण्यासाठीचा नियम आहे. बदलायचंच असेल तर या आठवड्यात बदला आणि एक ओटीपी येतो का ते बघा.

बँकेचं ॲप आणि यूपीआय तुमच्या सिमला बांधलेलं असतं. सिम काढलं किंवा ॲप उडवून पुन्हा टाकलं तर नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी या सिमवरून एसएमएस पाठवावा लागतो. तिकडून तो अडतो. तेव्हा तीन महिने त्या ॲपला हात लावू नका, आणि नातवाला फोन "साफ" करू देऊ नका.

डेबिट कार्डाचा परदेशातला वापर तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय होत नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ॲपमध्ये बटण असतं, मर्यादा लहान ठेवा.

ठेवीसाठी मात्र माझं ऐका. आत्ताच शाखेत जाऊन पिकल्यावर काय करायचं याची लेखी सूचना देऊन टाका. मग ऑगस्टात ओटीपीवर काहीच अवलंबून राहणार नाही.

हरणीहून

काकू, पॉवरबँक नेत असाल तर हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, १०० पर्यंत परवानगी लागत नाही. आपला चार्जर जर्मनीच्या विजेवर चालतो, दोन बारीक गोल पिना असल्या की बसतो. आणि विमानात बसल्यावर फ्लाइट मोड लावायला विसरू नका. काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा फार जास्त असतात.

जर्मनीत रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११२, पोलिसांना ११०. कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

रावपुऱ्याची_मावशी

किती जणांनी किती मनापासून लिहिलंत. वाडीच्या काका, तुमच्या आई आता कशा आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा.

काल बँकेत जाऊन ठेवीची सूचना लिहून दिली, पंधरा मिनिटांचं काम. कार्डाचं बटणही तिथल्या मुलीने मला दाखवलं, मग माझ्याच हाताने चालू करून घेतलं. वर्षाचा कॉल-मेसेजचा रिचार्ज दुकानदाराला दोनदा सांगावा लागला, तो पहिल्यांदा डेटावालाच दाखवत होता. माझ्या सिमवर रोमिंग चालू असलं की मेसेज यायला पॅक लागत नाही, असं कंपनीच्या दुकानात सांगितलं. ईआयडी काही दिसला नाही, तेव्हा साधंच सिम. मुलगी म्हणाली तिथे पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, ते ती बघेल, स्वित्झर्लंडसकट.

संध्याकाळी अक्काकडे जाऊन बसले. घंटीचं सांगितल्यावर ती म्हणाली, लग्नानंतर बाबांना मी असंच करायचे, ट्रंक कॉल परवडत नव्हता ना. बाईंचा फोन स्मार्टच निघाला, त्यावर माझा नंबर घातला.

मग घरी आले आणि नऊ वाजता फोनसमोर बसले. दोन वेळा वाजला आणि थांबला. तीन मिनिटांनी पुन्हा वाजला, वाजतच राहिला. घाबरून उलट लावला तर म्हणाली, "काही नाही गं, दुसरी खूणही चालते का ते बघत होते."