मदत हवी आहे: विशेष मुलांच्या शिक्षकांसाठी पुरस्कार, निकष कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी,

आमचं पालक-शिक्षक मंडळ विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी पुरस्कार सुरू करत आहे. अर्ज आणि गुणदानाचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आहे. सध्या तीन निकष आहेत: विद्यार्थ्यांचे निकाल, सेवेची वर्षं आणि समर्पण. पण एका शिक्षिकेकडे डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अक्षमता) असलेली मुलं आहेत आणि दुसरीकडे न बोलणारी बहुविकलांग मुलं. यांची तुलना कशी करायची? समारंभाला मुलंही येणार आहेत, त्याची तयारी काय लागेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तिन्ही निकष काढून टाका. निकाल धरलेत तर ज्यांची मुलं लेखी परीक्षेला बसतच नाहीत ते शिक्षक पहिल्याच फेरीत बाद होतील. वर्षं मोजलीत तर ज्येष्ठता यादी तयार होईल. समर्पण मोजता येत नाही, त्यामुळे ज्याचं शिफारसपत्र जास्त हळवं त्याला गुण जातात.

त्याऐवजी एका मुलाचं एकच कौशल्य घेऊन चार प्रश्न विचारा. सुरुवातीला मूल काय करत होतं? अडलं तेव्हा शिक्षकाने काय बदललं आणि का? आता मूल किती मदतीने करतं? तेच दुसऱ्या माणसासोबत, दुसऱ्या जागी करतं का? प्रत्येक उत्तराला 150 शब्द पुरतात.

मदतीची पायरी स्पष्ट लिहायला लावा: हात धरून, करून दाखवून, खुणेने, तोंडी आठवण देऊन, आपणहून. 'मुलगी आता छान संवाद साधते' यावरून परीक्षकांना काहीच कळत नाही. 'आधी तहान लागली की रडायची. आता चित्रतक्त्यावर पाण्याचं चित्र दहापैकी आठ वेळा आपणहून दाखवते, मदतनीस ताईंना आणि घरीही' असं लिहिलं की सगळं समजतं.

गुण 100 पैकी असे द्या: पहिल्याला 15, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 20, चौथ्याला 25. मूल किती पायऱ्या चढलं हे बरंचसं त्याच्या अक्षमतेवर अवलंबून असतं. अडल्यावर शिक्षकाने काय पाहिलं आणि काय बदललं, हे मात्र कोणत्याही वर्गात तपासता येतं. तुमचा तुलनेचा प्रश्न इथेच सुटतो. चौथ्या प्रश्नाचे गुण कमी करू नका. फक्त एकाच बाईंच्या इशाऱ्यावर होणारं काम म्हणजे मूल इशाऱ्याला बांधलं गेलंय, कौशल्य अजून पक्कं झालेलं नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. थोडी भर:

मुलाचं नाव, फोटो आणि निदानाचा कागद अर्जात नको. पालकांची लेखी संमती दोनदा घ्या, एकदा अर्जासाठी आणि एकदा मंचावर उल्लेख करण्यासाठी. मुलाला कळत असेल तर त्यालाही विचारा. कोणी नकार दिला तर शिक्षकाचे गुण कापायचे नाहीत. पालकांना बोलून, ध्वनिमुद्रण करून शिफारस करता यावी, नाहीतर सराईत लिहिणाऱ्यांचेच अर्ज पुढे येतात. परीक्षकांत किमान एक विशेष शिक्षक आणि स्वतः अपंगत्व असलेली एक प्रौढ व्यक्ती हवीच.

धागाकर्ती

खूप आभार! अर्ज याच धर्तीवर करते. मानपत्रात काय लिहावं?

प्रतिसाद १

'चमत्कार', 'त्यागमूर्ती', 'देवदूत' हे शब्द कटाक्षाने टाळा. त्यांनी शिक्षकाचं कसब झाकलं जातं आणि मूल बिचारं ठरतं. शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन आणि त्यांची दृष्टिहीन व कर्णबधिर विद्यार्थिनी हेलन केलर यांचा पाण्याच्या पंपाजवळचा प्रसंग चमत्कार म्हणून सांगतात. सुलिव्हन 3 मार्च 1887 रोजी हेलनच्या घरी पोचल्या आणि त्यानंतर महिनाभर त्या हेलनच्या तळव्यावर बोटांच्या खुणांनी शब्दांची अक्षरं उमटवत होत्या. हेलन 'मग' आणि 'पाणी' यांत सतत गोंधळायची. ते ओळखून 5 एप्रिलला तिला पंपावर नेलं आणि एका हातावर वाहतं पाणी, दुसऱ्या हातावर अक्षरं असा धडा दिला. मानपत्रात असाच निर्णय यावा: काय अडत होतं, काय केलं. चार-पाच वाक्यं खूप झाली. दृष्टिहीन शिक्षक असतील तर मानपत्र ब्रेलमध्येही द्या.

प्रतिसाद ३

समारंभाबद्दल. शक्यतो मंच उभारूच नका, सगळं जमिनीवर करा. रॅम्पचा उतार 1:12 लागतो, म्हणजे 50 सेंमी उंच मंचाला 6 मीटर लांब रॅम्प. ऐनवेळी दोन मीटरची फळी टाकली जाते आणि मग व्हीलचेअर उचलून न्यावी लागते. ते धोक्याचंही आहे आणि बसलेल्या माणसाला अपमानास्पदही.

टाळ्यांच्या कडकडाटाने आणि माईकच्या शिट्टीने काही स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं हवालदिल होतात, म्हणून टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा. कर्णबधिरांची टाळी अशीच असते. जवळ एक शांत खोली उघडी ठेवा. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा, कारण लुकलुकत्या प्रकाशाने काहींना फीट येऊ शकते. सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन हवेत, साधारण 20 मिनिटांनी आलटून-पालटून, आणि वक्त्याच्या शेजारी उजेडात उभे. पडद्यावर काही दाखवायला दिवे मालवलेत तरी त्यांच्यावरचा दिवा चालू राहू द्या.

तारखेसाठी बहुतेक जण 3 डिसेंबर, जागतिक अपंग दिन निवडतात. माझं मत 5 ऑक्टोबरला, जागतिक शिक्षक दिनाला. सन्मान अध्यापनाचा आहे. कार्यक्रम 45 मिनिटांत आटोपा आणि चित्रांचं वेळापत्रक आठवडाभर आधी घरोघरी पाठवा, म्हणजे मुलांना पुढे काय होणार ते माहीत असेल.