नवीन टचस्क्रीन फोन घेताना आधी काय बघायचं? माझ्या मते अपडेटची वर्षं

पाऊलवाट:
मागच्या महिन्यात नवीन फोन घेतला. आधीचा चार वर्षं वापरला आणि खरं सांगायचं तर तो बिघडलाच नव्हता, काचेला साधा ओरखडा नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरायची, पण सिक्युरिटी अपडेट यायचे दोन वर्षांपूर्वीच थांबलेले आणि शेवटी बँकेचं ॲप या व्हर्जनवर उघडेनासंच झालं. धडधाकट फोन कपाटात ठेवून द्यावा लागला. याचा मला राग आला, अजूनही आहे.

म्हणून आता माझं मत पक्कं झालंय, फोन निवडताना पहिला प्रश्न हाच की अपडेट किती वर्षं देणार आणि कोणत्या तारखेपासून मोजणार. कॅमेरा, रॅम, दिसणं सगळं त्यानंतर. गूगलने 2023 ला पिक्सेल 8 पासून सात वर्षं कबूल केली, सॅमसंगने 2024 च्या गॅलॅक्सी एस 24 ला तेवढीच. युरोपियन युनियनने तर जून 2025 पासून नियमच केलाय, मॉडेलची विक्री थांबली तरी पुढे किमान 5 वर्षं अपडेट, आणि बॅटरी 800 वेळा चार्ज होऊनसुद्धा 80 टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. तुमचं काय म्हणणं?

निळी_शाई:
असहमत. सात वर्षं एक फोन कोण वापरतं हो? मी तीन वर्षांनी बदलते. माझ्यासाठी कॅमेरा पहिला, दुसरा, तिसरा. मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा मी बटण दाबलं आणि फोटो निघेपर्यंत ती खाली बसली होती. तो क्षण गेला तो गेला, त्याला कुठलं अपडेट परत आणणार? त्यामुळे घेण्याआधी मी हलणाऱ्या माणसाचा फोटो काढून बघते, तोही कमी उजेडात. नीट आला तरच घ्यायचा.

पाऊलवाट:
@निळी_शाई फोटोचं तुमचं दुःख पटलं आणि हलणाऱ्या माणसाची टेस्टही एकदम बरोबर. माझा आक्षेप मेगापिक्सेलच्या आकड्याला आहे. 48 मेगापिक्सेल लिहिलेला कॅमेरा बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून 12 चाच फोटो देतो, खरा फरक सेन्सर केवढा आहे आणि प्रोसेसर किती चटकन काम करतो याने पडतो. पण तीन वर्षांनी बदलायचा हे नाही पटत. तुमचा जुना फोन पुढे कोणाकडे तरी जातोच ना? त्या माणसाला अपडेट नकोत का?

उंबरठा:
तुम्ही दोघंही फोनच्या आत काय आहे त्यावर भांडताय. फोन हातात असतो, हाताचं कोणी बोलतच नाही.

आईला पहिला टचस्क्रीन घेऊन दिला. तिने आयुष्यभर शिवणकाम केलंय, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत, कातडी कोरडी. काच बोटाचा टच घेतच नाही. ती बिचारी बटणाच्या फोनसारखं जोर लावून दाबून धरते, मग ते लाँग प्रेस होतं, चिन्हं जागा सोडून सरकतात, काहीतरी भलताच मेनू उघडतो आणि ती म्हणते मला जमत नाही, तू परत घेऊन जा. दोन आठवडे मला वाटत होतं तिलाच शिकायचं नाहीये. चूक माझी होती. हल्लीची काच दाब ओळखत नाही, बोट टेकल्यावर तिथला विद्युतभार जो बदलतो तो ओळखते, आणि घट्टे पडलेल्या कोरड्या बोटाचा तो बदल फार कमी पडतो. कितीही जोर लावा, उपयोग नाही.

मग सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'टच अँड होल्ड'चा वेळ सगळ्यात जास्त केला. जाड स्क्रीनगार्ड काढून पातळ लावला. टच सेन्सिटिव्हिटी वाढवायचा पर्याय होता तोही चालू केला (सगळ्या फोनमध्ये नसतो, घेण्याआधी बघा). अक्षरं आणि चिन्हं मोठी केली, पहिल्या पानावर फक्त चार चिन्हं ठेवली. आता ती स्वतः व्हिडिओ कॉल लावते. तेव्हा माझं मत, ज्याला वापरायचाय त्याच्या बोटाने दहा मिनिटं फोन वापरून बघा, मग बाकीचं.

जुनं_दार:
@उंबरठा इतका खटाटोप कशाला? वयस्कर माणसांना बटणांचाच फोन द्यावा. बोटाला कळतं 5 चं बटण कुठे आहे, त्यावर उंचवटा असतो. चार्जिंग आठवडाभर. आपल्या सोयीसाठी त्यांच्यावर टचस्क्रीन लादणं मला अन्याय वाटतो.

उंबरठा:
@जुनं_दार लादला असता तर अन्याय, हे मान्य. पण तिनेच मागितला. तिची बहीण लांब असते, दोघींना एकमेकींचं तोंड बघून बोलायचं असतं. बटणाच्या फोनवर आवाज येतो, चेहरा येत नाही. वय झालं म्हणून इच्छा आपणच कमी करून टाकायच्या का?

कानोसा:
मी पूर्ण अंध आहे, रोज टचस्क्रीन वापरतो, हा प्रतिसाद पण त्यावरच बोलून टाईप केलाय. @जुनं_दार तुमचा मुद्दा आम्हीही करायचो, गुळगुळीत काच म्हणजे आमच्यासाठी भिंतच. पण 2009 ला आयफोन 3जीएस मध्ये व्हॉइसओव्हर आलं आणि बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोनच सांगायला लागला, दोनदा टॅप केलं की ते उघडतं. अँड्रॉइडवर हेच काम टॉकबॅक करतं. तेव्हापासून पत्र, बातम्या, पैसे पाठवणं, कोणाला विचारावं लागत नाही. हे माझ्यासाठी किती मोठं आहे ते लिहून सांगता येणार नाही.

निवडताना मी दोन गोष्टी बघतो. टॉकबॅक चालू केल्यावर फोन अडखळतो का, कारण स्वस्तातले बरेच अडखळतात. आणि फिंगरप्रिंट कडेच्या पॉवर बटणात आहे का. काचेखालचा असला की तो नेमका कुठे ते बोटाला सापडत नाही. अपडेटबाबत @पाऊलवाट यांना पूर्ण पाठिंबा, नवीन फोनची सवय लावायला मला कित्येक आठवडे जातात, दर तीन वर्षांनी ते नको वाटतं.

निळी_शाई:
@कानोसा सवयीचा हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. जुना फोन मी सासूबाईंना देते आणि त्यांनाही दर तीन वर्षांनी सगळं नव्याने शिकावं लागतं, त्या बोलून दाखवत नाहीत इतकंच. कॅमेऱ्यावरचं माझं मत तेच आहे. पण या वेळी अपडेटची तारीख बघून घेईन.

पाऊलवाट:
@उंबरठा तुमचं वाचून वडिलांचा फोन हातात घेतला. तेही असंच जोर लावून दाबतात आणि मी त्यांच्यावर दोनदा चिडलोय. टच अँड होल्डचा वेळ वाढवला, कॉल घेताना आता फोन एकदाही भलतीकडे गेला नाही. स्क्रीनगार्डचं विचारायचंय, पूर्णच काढला तर चालेल का? हातातून फोन निसटतो त्यांच्या.

उंबरठा:
@पाऊलवाट निसटत असेल तर काढू नका. पातळ लावा, आणि काचेपेक्षा थोडी वर येणारी कड असलेलं रबरी कव्हर घाला. पालथा पडला तर आधी कड टेकते. त्याने पकडही बसते.