कुटुंबाचा ग्रुप : अमेरिकन फुटबॉलमधील फुलबॅकची जागा ठेवावी की काढावी (मार्च २०२५)

दादा (सँटा क्लारा), सकाळी ६.५०
सर्वांना नमस्कार. आपल्या फोर्टीनाइनर्स संघाने काइल यूझचेक या फुलबॅकला करारातून मोकळे केल्याची बातमी आत्ताच वाचली आणि मन खट्टू झाले. २०१७ पासून आठ मोसम हा माणूस चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे राहून वाट मोकळी करत आला आहे. गेल्या मोसमात आपली ६ विजय आणि ११ पराभव अशी अवस्था झाली, पण त्यात चेंडू घेऊन पळणारा मॅकॅफ्री दुखापतीमुळे चारच सामने खेळला. ज्याच्यासाठी वाट काढायची तोच मैदानाबाहेर असताना वाट काढणाऱ्याला घरी पाठवणे मला मुळीच पटलेले नाही.

छोटू (फिलाडेल्फिया), सकाळी ७.०५
दादा, सकाळी सकाळी तुला दुखवायचे नाही, पण निर्णय योग्य आहे. आमच्या ईगल्स संघाच्या सॅकॉन बार्कलीने २०२४ च्या मोसमात चेंडू घेऊन पळत २००५ यार्ड काढले आणि संघात खास फुलबॅक नव्हता. संघात ५३ जण असतात आणि सामन्याच्या दिवशी त्यांतल्या जेमतेम ४८ जणांना खेळवता येते. त्यांतली एक जागा मोजक्याच चालींपुरत्या उपयोगी पडणाऱ्या माणसाला का द्यावी?

मोठे काका (कोल्हापूर), सकाळी ७.२०
मुलांनो, माझ्या समजुतीप्रमाणे बॅक हा गोलीच्या पुढे उभा राहून समोरच्या फॉरवर्डला अडवणारा खेळाडू असतो. शाहू स्टेडियमवर बॅकशिवाय उतरलेला तालमीचा संघ मी आजवर पाहिलेला नाही. मग ही जागा ठेवावी की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडतोच कसा?

दादा (सँटा क्लारा), सकाळी ७.३१
काका, नमस्कार. हा अमेरिकन फुटबॉल आहे आणि इथला फुलबॅक आक्रमणाच्या बाजूने खेळतो. पुढच्या रांगेत पाच धिप्पाड खेळाडू असतात, त्यांच्यामागे पास टाकणारा क्वार्टरबॅक आणि त्याच्याही मागे चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक. फुलबॅक या पळणाऱ्याच्या पुढे धावतो, फटीत शिरतो आणि समोरून येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, अंगावर घेतो. पूर्वी फुलबॅक स्वतःही भरपूर पळत असे. क्लीव्हलँडचा जिम ब्राउन फुलबॅकच होता आणि १९५७ ते १९६५ या नऊ मोसमांत त्याने १२,३१२ यार्ड काढले.

छोटू (फिलाडेल्फिया), सकाळी ७.३८
जिम ब्राउनचा काळ गेला, दादा. आता बहुतेक संघ तीन रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (रांगेच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) आणि एक रनिंग बॅक घेऊन खेळतात. फुलबॅकचे काम टाइट एंडलाही करता येते. पुन्हा सांगतो, बार्कलीचे २००५ यार्ड फुलबॅकशिवाय आले.

दाजी (बाल्टिमोर), सकाळी ७.५२
छोटू, तुझ्या मताचा आदर ठेवून बोलतो. त्याच २०२४ च्या मोसमात आमच्या रेव्हन्स संघाच्या डेरिक हेन्रीने १९२१ यार्ड काढले आणि त्याच्यापुढे पॅट्रिक रिकार्ड होता. हा सुमारे १३५ किलो वजनाचा खेळाडू मूळचा बचावफळीतला. २०१७ मध्ये कोणत्याही संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याचे नाव घेतले नव्हते. २०१९ मध्ये आमच्या संघाने चेंडू घेऊन पळत ३२९६ यार्डांचा विक्रम केला, तेव्हाही तो संघात होता. आणि दादा, यूझचेक मुळात आमचा. २०१३ मध्ये आम्ही त्याला निवडले आणि चार मोसमांनी तुम्ही चार वर्षांचे २ कोटी १० लाख डॉलर देऊन नेले, हेही या निमित्ताने आठवावे.

वहिनी (सँटा क्लारा), सकाळी ८.१०
यूझचेकच्या पत्नीने तयार केलेल्या जाकिटांची आमच्याकडे त्याच्या खेळापेक्षा जास्त चर्चा होते, पण मी तो खेळ स्टेडियमच्या वरच्या रांगेतून पाहिला आहे. चाल सुरू होण्यापूर्वी त्याचा ४४ क्रमांक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकला की समोरचे लाइनबॅकरही सरकतात आणि एकमेकांना हातवारे करू लागतात. टीव्हीवर कॅमेरा क्वार्टरबॅकवर असल्याने ते नीट दिसत नाही.

दादा (सँटा क्लारा), सकाळी ८.२४
हिने अगदी मुद्द्याचे सांगितले. पुढच्या रांगेतल्या फटी बचावाला आधीच मोजता येतात, पण फुलबॅक ऐनवेळी जिकडे जाईल तिकडे एक नवी फट तयार होते आणि ती कुठे होणार हे बचावाला आधी कळत नाही. शिवाय फुलबॅक मैदानात असला की समोरच्याला वजनदार लाइनबॅकर ठेवावे लागतात, आणि तोच फुलबॅक पास झेलणारा असेल तर या संथ माणसांना त्याच्यामागे धावावे लागते. २ फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, यूझचेकने १५ यार्डांचा टचडाउन (शेवटच्या रेषेपार चेंडू नेऊन मिळणारे गुण) झेलला होता. त्याच्या दोन आठवडे आधी ग्रीन बेविरुद्ध आपण ३७-२० जिंकलो, तेव्हा रनिंग बॅक मोस्टर्टने २२० यार्ड आणि चार टचडाउन केले आणि क्वार्टरबॅक गारोपोलोला संपूर्ण सामन्यात आठच पास टाकावे लागले. वाट मोकळी असल्याशिवाय असे घडत नाही.

छोटू (फिलाडेल्फिया), सकाळी ८.३०
तो सुपर बोल तुम्ही ३१-२० हरलात. पुढे लास व्हेगासमधला सुपर बोलही जादा वेळेत २५-२२ हरलात आणि त्या रात्री तू ग्रुप सोडून गेला होतास. बार्कलीचे २००५ यार्ड काढणारा संघ मात्र गेल्या महिन्यात ४०-२२ जिंकून विजेता झाला.

ताई (फ्रीमाँट), सकाळी ८.३६
छोटू, ग्रुप सोडण्याचा विषय तेव्हाच मिटला होता. दादा मोठा आहे याचे भान ठेवून लिही.

दादा (सँटा क्लारा), सकाळी ८.५५
त्याला बोलू दे, ताई. फेब्रुवारी २०१९ चा सुपर बोल त्याने आठवून पाहावा. रॅम्स संपूर्ण मोसम तीन रिसीव्हर घेऊन खेळले आणि अंतिम सामन्यात त्यांना तीनच गुण मिळाले. समोरच्या पेट्रियट्स संघाकडे जेम्स डेव्हलिन हा फुलबॅक होता. सामना ३-३ असा अडकला असताना पेट्रियट्सने दोन बॅक आणि दोन टाइट एंड उतरवले. ते पाहून रॅम्सने वजनदार माणसे ठेवली, आणि मग पेट्रियट्सने फुलबॅकसह सर्वांना मैदानभर पसरवून लागोपाठ पास टाकले. पाच चालींत ६९ यार्ड गेले आणि सामन्यातला एकमेव टचडाउन झाला. त्या पासांत डेव्हलिनच्या हातात एकदाही चेंडू आला नाही, तरी समोर कोण उभे राहणार हे त्याच्या असण्यावरच ठरले होते. छोटू, यार्डांच्या हिशेबात हे काम कोणाच्या नावावर लिहिणार?

ताई (फ्रीमाँट), सकाळी ९.१२
डेव्हलिनचे नाव निघाले म्हणून विचारते. मानेच्या दुखापतीमुळे त्याला २०२० मध्ये खेळ सोडावा लागला. पळत येऊन दुसऱ्या धिप्पाड माणसावर आदळणे हेच ज्या जागेचे मुख्य काम आहे, ती जागा टिकावी म्हणून आपण इतके हट्टाने भांडावे का? माझा मुलगा शाळेच्या संघात जाण्याचा हट्ट धरतो आहे, त्यामुळे मला हा प्रश्न दूरचा वाटत नाही.

दाजी (बाल्टिमोर), सकाळी ९.२५
हा प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की जागा ठेवावी, पण केवळ आदळण्यासाठी कोणाला ठेवू नये. यूझचेक झेलतो, टाइट एंडच्या जागी उभा राहतो आणि किकच्या वेळीही खेळतो. तसा माणूस मिळत नसेल तर ती जागा रिकामी राहिलेली बरी.

छोटू (फिलाडेल्फिया), सकाळी ९.३१
दाजी, म्हणजे तुम्ही माझेच म्हणणे मान्य केले. एका माणसासाठी जागा आहे, जागेसाठी माणूस नाही. बार्कलीचे २००५...

दादा (सँटा क्लारा), सकाळी ९.३३
ते चौथ्यांदा वाचले, छोटू. तुमची पुढची रांग त्या वर्षी इतकी बलवान होती की तिच्यामागे पळताना वेगळ्या वाटाड्याची गरज भासली नाही. सर्वच संघांकडे तशी रांग नसते, आमच्याकडे तर नाहीच. २०२५ साठी प्रत्येक संघाला पगारावर २७ कोटी ९२ लाख डॉलर खर्च करता येणार आहेत. त्या मानाने फुलबॅकचा पगार फारच थोडा आहे.

काही दिवसांनंतर

दादा (सँटा क्लारा), रात्री ८.४०
यूझचेकला परत घेतले आहे, नवा करार दोन वर्षांचा आहे. घरी पेढे आणले आहेत.

छोटू (फिलाडेल्फिया), रात्री ८.५२
अभिनंदन, दादा, मनापासून. पण एप्रिलमध्ये तो ३४ वर्षांचा होईल. त्याच्यानंतर कोण?

दादा (सँटा क्लारा), रात्री ९.०५
याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि तीच खरी काळजी आहे. महाविद्यालयीन संघ फुलबॅक फारसे घडवत नाहीत. रिकार्डसारखा बचावफळीतला कोणी किंवा एखादा टाइट एंड आतापासून त्याच्या हाताखाली तयार करायला हवा.

मोठे काका (कोल्हापूर), रात्री ९.१८
सप्टेंबरमध्ये पहिला सामना असेल तेव्हा मला आठवण करा. तुमची दुपार म्हणजे आमची मध्यरात्र होते, तरी मी जागेन. ४४ क्रमांक, बरोबर ना?